हॉस्टेलची दुसरी यादी लागेपर्यंत अंगठा देऊ नका

मी उदगीरची. एमएस्सीला मुंबईत आले, कॉलेज माटुंग्याकडे. ॲडमिशनचं, फीचं, कागदपत्रांचं मी काही सांगणार नाही, ते तुम्ही केलेलंच असणार. मी फक्त राहायचं कुठे एवढ्यावर लिहितेय, कारण त्या एका बाबतीत मी जी माती खाल्ली तिची वसुली पुढे वर्षभर चालली.

आधीच सांगून टाकते, पहिल्या वर्षाला हॉस्टेल मिळत असेल तर डोळे झाकून घ्या. मेसची डाळ पातळ असते, पाणी सकाळी ठरावीक वेळेलाच येतं, रात्री नऊनंतर यायचं तर लेट पास, त्यावर लोकल गार्डियनची सही, आणि लोकल गार्डियन म्हणजे कल्याणला राहणारे लांबचे काका ज्यांना तुम्ही आयुष्यात दोनदा भेटलाय. सगळं खरं आहे. तरी घ्या. मुंबईत पहिले सहा महिने तुमची निम्मी ताकद लोकल कळण्यातच जाते, स्लो-फास्ट, कुठला डबा, रविवारचा मेगाब्लॉक, कुठल्या पुलावरून उतरलं की कुठे निघतो. त्यात भर म्हणून गॅस संपला, बाई आली नाही, लाइट बिल कोण भरणार, हे नकोच.

पण हॉस्टेल मिळतं कुठे! सीटा मोजक्या. पहिल्या यादीत माझं नाव नव्हतं, वेटिंगला होतं. बाबा सोबत आलेले, त्यांना रविवारच्या गाडीने परत जायचं होतं, आणि आम्ही दोघं सायनच्या एका लॉजवर दिवसाचे पैसे मोजत बसलेलो. इथेच सगळं फिसकटतं बघा. आईवडील परतायच्या आत मुलीची सोय लागली पाहिजे या घाईत माणूस कुठल्याही कागदाला हो म्हणतो.

त्यात एक सीनियर भेटली. ती म्हणाली, हॉस्टेलची वाट बघू नकोस गं, वेटिंग कधी हलतच नाही, चुनाभट्टीला एक वन बीएचके आहे, आम्ही सोडतोय, चौघी मिळून घ्या. सीनियर लोकांबद्दल माझं मत आता पक्कं झालंय, अभ्यासाचं काही विचारायचं असेल तर जरूर विचारा, पण रूम सोडणाऱ्या सीनियरचा रूमबद्दलचा सल्ला घेऊ नका. तिला तिचं डिपॉझिट सोडवून घ्यायचं असतं. ती वाईट नसते हो, ती फक्त अडकलेली असते. पुढच्या वर्षी मीसुद्धा ज्युनियर मुलींना तोच फ्लॅट 'हवेशीर आहे' म्हणून दाखवलाय, खोटं कशाला बोलू.

तर फ्लॅट. भाडं २८,०००, डिपॉझिट १ लाख, ब्रोकरला एक महिन्याचं भाडं. चौघींत वाटलं तर महिना ७,००० आणि डिपॉझिटचे २५,०००. मी, एक सोलापूरची, एक जळगावची, एक कणकवलीची. आम्ही एकमेकींना गावाच्याच नावाने हाक मारायचो. हिशोब एकदम सोपा वाटला.

आता तो सापळा. इथे मी जरा लांबण लावणार आहे, कंटाळा आला तरी वाचा.

मालक काका म्हणाले, चौघींची नावं टाकली तर सोसायटी कटकट करते, एकीचंच नाव टाकू, बाकीच्या राहा की आरामात. माझे बाबा तिथेच होते, म्हणून नाव माझं ठरलं. मला तर उलट भारी वाटलं, मुंबईत आपल्या नावावर घर! दुसऱ्या दिवशी एजंट आला, लॅपटॉप, कॅमेरा आणि अंगठ्याचं मशीन घेऊन. हल्ली लिव्ह अँड लायसन्सची, म्हणजे घरभाड्याच्या कराराची, नोंदणी अशी घरबसल्याच होते. त्याने स्क्रीन फिरवली, इकडे बघा म्हणाला, फोटो काढला, अंगठा ठेवा म्हणाला. माझा अंगठा दोनदा उठलाच नाही, पुसून परत ठेवला. या सगळ्याला दहा मिनिटं लागली आणि त्या दहा मिनिटांत मी एक ओळही वाचली नाही. प्रिंट मिळाली चार दिवसांनी.

त्यात तीन गोष्टी होत्या. एक, लायसेन्सी, म्हणजे करारातली राहणारी, फक्त मी. दोन, सहा महिन्यांचा लॉक-इन, म्हणजे त्याआधी घर सोडलं तरी तेवढ्या महिन्यांचं भाडं द्यायचंच. तीन, मुदत ११ महिने, १० ऑगस्ट ते ९ जुलै.

एकेक वेगवेगळी वाचली तर काहीच वाटत नाही. एकत्र आल्या की काय होतं ते सांगते. सप्टेंबरमध्ये हॉस्टेलची दुसरी यादी लागली (वेटिंग हलत नाही म्हणे!) आणि माझं आणि कणकवलीचीचं, दोघींचंही नाव आलं. फी भरायला तीन दिवस. कणकवलीचीचं नाव कुठल्याच कागदावर नाही, तिने बॅग भरली आणि गेली. मी काकांना फोन केला तर ते शांतपणे म्हणाले, जा की बाळा, पण फेब्रुवारीपर्यंतचं भाडं तुला द्यावंच लागेल. म्हणजे दरमहा २८,०००, उरलेल्या दोघी थांबल्या तरच ते वाटलं जाणार, आणि मीच गेले तर त्या कशाला थांबतील? मी सीट सोडली. ऑफिसात तसं लिहून देताना तिथल्या मॅडमनी दोनदा विचारलं, नक्की ना?

तिघींत ७,००० चे साधारण ९,३०० झाले. ते एक वेळ जमलं. मार्चमध्ये जळगावचीचं लग्न ठरलं, ती गेली. दोघींवर १४,०००. मेच्या शेवटी परीक्षा संपली आणि सोलापूरची घरी गेली, तीही रीतसर पाया-बिया पडून, भांडण नाही काही नाही. आणि जून महिना मी एकटी त्या वन बीएचकेत, २८,००० भाड्याच्या घरात, एका गादीवर.

आता डिपॉझिट ऐका. जूनचं भाडं डिपॉझिटमधून कापा म्हटलं, २८,००० गेले. जुलैच्या नऊ दिवसांचे ८,४००. रंगकाम आणि सफाईचे १५,०००, भिंतीला पोपडे आम्ही यायच्या आधीपासून होते पण पुरावा काय? शेवटचं लाइट बिल आणि गॅस मिळून २,६००. १ लाखातले ४६,००० हातात आले. आणि त्या तिघींचे प्रत्येकी २५,००० म्हणजे ७५,०००. त्यांनी पैसे मला दिले होते, मी मालकाला, म्हणून त्यांनी ते माझ्याकडे मागितले. चुकलं का त्यांचं? मला तेव्हा वाटलं चुकलं, आता नाही वाटत. माझे स्वतःचे २५,००० गेलेच, वर २९,००० चा खड्डा. घरी पेरणीचे दिवस, बियाणं-खताची उसनवारी चाललेली, बाबांना कुठल्या तोंडाने सांगू? नाही सांगितलं. दहावीच्या दोन मुलांच्या शिकवण्या धरल्या आणि आठ महिने फेडत बसले.

म्हणून फ्लॅट घ्यायचाच असेल तर राहणाऱ्या सगळ्यांची नावं लायसेन्सी म्हणून ॲग्रीमेंटमध्ये हवीत. मालक नको म्हणाला तर तो फ्लॅट तुमचा नाही. नाव नसलेल्यांचेही हाल असतात बरं का, लोकलच्या पासाच्या कन्सेशनला आमच्या कॉलेजने इथल्या पत्त्याचा पुरावा मागितला, तो त्या तिघींकडे नव्हताच. डिपॉझिट प्रत्येकीने आपापल्या खात्यातून थेट मालकाच्या खात्यात टाकायचं, मैत्रिणीकडे अजिबात नाही. एखादी मध्येच निघाली तर महिनाभर आधी सांगून, आपल्या जागी दुसरी आणून जाता येईल अशी ओळ घालून घ्या. लॉक-इन काढा म्हणा, नाहीतर एक-दोन महिन्यांवर आणा. आणि पहिल्या दिवशी, सामान आत यायच्या आधी, प्रत्येक भिंतीचा, नळाचा, पंख्याचा व्हिडिओ काढून मालकाला व्हॉट्सॲपवर पाठवा.

११ महिन्यांचं तर मला नंतर कळलं आणि डोक्याला हात लावला. वर्षाच्या आतली भाडेपट्टी नोंदवावी लागत नाही म्हणून ही ११ ची सवय पडली. पण आपल्याकडे, महाराष्ट्रात, १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स कितीही महिन्यांचं असो, लेखी करून नोंदवावंच लागतं आणि ते करायची जबाबदारी मालकाची असते. न केल्यास त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. नोंदणीच नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. मग ११ चा हट्ट कशाला? परीक्षा मेमध्ये संपते तर मेअखेरपर्यंतचंच करा, चालतं. खर्चही फार नाही, स्टॅम्प ड्युटी एकूण भाड्याच्या पाव टक्का, त्यात डिपॉझिटवरचं थोडं व्याज धरतात, आमची ८०० च्या आसपास झाली, नोंदणी फी शहरात १,०००. बाकी एजंट जे सांगतो ते त्याचं स्वतःचं, तिथे घासाघीस करा.

घाबरवलं का फार? अहो तसं नाहीये. चांगले मालक असतात, माझ्या वर्गातली एक मुलगी वडाळ्याला दोन वर्षं एकाच घरात सुखाने राहिली, मालकीणबाई दिवाळीला फराळ पाठवायच्या. आणि बाहेर राहण्याची मजा मी नाकारत नाही. पहिल्यांदा स्वतःच्या हाताने केलेली वरणभाताची वाफ, रात्री दोनला दिवा चालू ठेवला तर कुणी काही बोलत नाही, मैत्रिणीची आई आली तर राहू शकते. पावसात सायनला रुळांवर पाणी भरलं की घरात चौघी अडकून पडायचो आणि कणकवलीची आंबोळ्या घालायची (ती गेल्यावर ते बंद झालं). दुसऱ्या वर्षाला, माणसं पारखून झाल्यावर, बाहेर जा. खुशाल जा.

प्रश्न पहिल्या दोन महिन्यांचा आहे, यादी लागेपर्यंतचा. त्याला माझं उत्तर कॉट बेसिस. दादर, परळ, माटुंगा, वडाळा भागात आजीबाई-काकूंच्या घरांत एक कॉट, अर्धं कपाट आणि बाथरूमला नंबर अशी जागा मिळते, महिन्याच्या बोलीवर. स्वयंपाकघराला हात लावायचा नाही, डबा बाहेरून लावायचा, फोनवर हळू बोलायचं. दोन महिने काढता येतात. पण 'महिन्याच्या बोलीवर' हे दोनदा विचारून घ्या, डिपॉझिट एका महिन्याच्या वर देऊ नका, दिलेल्या पैशाची पावती नाहीतर निदान ऑनलाइनच पैसे. मी हे केलं असतं तर सप्टेंबरला बॅग उचलून हॉस्टेलला गेले असते, विषय संपला असता.

डोंबिवलीच्या मावशीकडे राहायचं का? पैसे वाचतात, जेवण घरचं. पण सकाळच्या फास्ट लोकलला दादरपर्यंत पाऊण-एक तास उभं राहून आलात की पहिलं लेक्चर पेंगण्यातच जातं, आणि प्रॅक्टिकल साडेसहाला सुटलं की परत तेच. मुलींना ग्रॅज्युएशनपर्यंत घर ते कॉलेज सेकंड क्लासचा पास फुकट असतो, ते मात्र विसरू नका. कन्सेशनचा फॉर्म कॉलेजच्या ऑफिसातून मिळतो. माझं ग्रॅज्युएशन झालेलं, त्यामुळे मला अर्ध्याच पैशांची सूट.

आणि पॅरासाइट म्हणून राहू नका. मैत्रिणीच्या हॉस्टेल रूमवर चोरून राहण्याला सगळे गमतीने घेतात, पण तपासणीला सापडलात तर तुमच्यासोबत तिचीही सीट जाते. आमदार निवासात कुणाच्या तरी चिठ्ठीवर राहायचा मार्गही लोक सुचवतील, विशेषतः आपल्या मराठवाड्यातले. ओळखीने मिळालेली जागा ओळखीनेच जाते, परीक्षेच्या आदल्या आठवड्यात सुद्धा.

एक काम मात्र ॲडमिशनच्याच आठवड्यात करा. सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर अनुसूचित जाती-नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे, मुंबईसाठी वर्षाला ६०,०००, त्यात जेवणाचे ३२,०००, राहण्याचे २०,००० आणि निर्वाह भत्ता ८,०००. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयम योजना. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुखांच्या नावाचा वसतिगृह निर्वाह भत्ता. माझे बाबा अल्पभूधारक, आणि मला हे कळलं दुसऱ्या वर्षी, तेही कॅन्टीनमध्ये. पैसे उशिरा येतात, त्यांच्या भरवशावर भाडं ठरवू नका, पण फॉर्म भरा.

दुसऱ्या वर्षी मला हॉस्टेल मिळालं, पहिल्या यादीत. शेजारच्याच खोलीत कणकवलीची. तिचे २५,००० मी सगळ्यात शेवटी फेडले, तिने एकदाही आठवण करून दिली नव्हती म्हणून तिलाच मागे ठेवलं, हेही आपण करतो. मे महिन्यात हॉस्टेल रिकामं करायला लावलं तेव्हा माझी इंटर्नशिप अजून महिनाभर बाकी होती, हे कुणी आधी सांगितलंच नव्हतं. दोन ट्रंका सोलापूरचीच्या मावशीकडे चेंबूरला टाकल्या, गादी वॉचमनला दिली आणि महिनाभर परत एका काकूंकडे कॉट घेतली. महिन्याच्या बोलीवर.