खरेदी विभागासमोर पंधरा मिनिटं: प्रेझेंटेशनची तयारी अशी करा

नाशिकच्या अंबड किंवा सातपूर औद्योगिक वसाहतीतल्या छोट्या कारखानदाराला मोठ्या कंपनीच्या खरेदी विभागाकडून वेळ मिळते ती जेमतेम पंधरा मिनिटांची. त्यातली पाच मिनिटं कंपनीची स्थापना, संचालकांचे फोटो आणि मशिनांची यादी यांतच जातात. हा भाग शेवटी ठेवा, किंवा छापून हातात द्या.

लॅपटॉप उघडण्याआधी कागदावर एक वाक्य लिहा: मीटिंगनंतर समोरच्यांनी नेमकं काय करावं? ‘आमच्या कामाची माहिती व्हावी’ हे उत्तर नव्हे. ‘या ब्रॅकेटच्या 500 नगांची ट्रायल ऑर्डर द्यावी’ हे उत्तर. पहिल्याच मिनिटात ते बोलून टाका. आठ स्लाइड पुरतात. दहा मिनिटं बोला, पाच मिनिटं प्रश्नांसाठी सोडा. सावकाश बोलताना मिनिटाला साधारण 120 शब्द होतात, म्हणजे तुमच्याकडे फार तर 1,200 शब्द आहेत.

सगळ्यात जास्त मेहनत क्वालिटीच्या स्लाइडवर घ्या. ‘उत्तम दर्जा’ सगळेच लिहितात. 10,000 नगांमागे 12 रिजेक्ट होत असतील तर 1,200 पीपीएम (दर दहा लाख नगांमागे रिजेक्ट) लिहा, कारण खरेदीवाले त्याच भाषेत तुलना करतात. बारा महिन्यांचा आलेख दाखवा आणि त्यातला वाईट महिना लपवू नका. त्या महिन्यात डाय (पार्टला आकार देणारा साचा) झिजली होती, आता प्रेसच्या ठरावीक स्ट्रोकनंतर ती तपासतो, असं कारण आणि उपाय दोन्ही सांगितलेत तर भरवसा वाढतो. रिजेक्शनची नुसती उतरती रेघ दाखवली की शंकाच येते.

एक्सेलचा अख्खा तक्ता स्लाइडवर चिकटवू नका. अक्षर 28 पॉइंटपेक्षा लहान नको. लॅपटॉपपासून सात-आठ फूट मागे उभं राहून वाचून बघा. मराठी मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर निरर्थक चिन्हांसारखा दिसतो. पीडीएफ प्रत पेनड्राइव्हवर हवीच. दिंडोरी-पिंपळगावच्या द्राक्ष निर्यातदारांनी परदेशी आयातदारासमोर लाखात बोलू नये: 25 लाख किलो म्हणजे 2,500 टन, तसंच लिहावं.

सराव उभं राहून, मोठ्याने, मोबाइलवर वेळ लावून किमान तीनदा करा. त्यातला एकदा तरी तुमच्या धंद्यातली माहिती नसलेल्या माणसासमोर हवा. तो जिथे ‘म्हणजे?’ विचारेल, ती स्लाइड बदला. सुरुवातीची दोन वाक्यं पाठ असू द्या, बाकीचं पाठ करू नका. पाठांतरात एक शब्द निसटला की पुढचं सगळं अडतं.

खोलीत वीस मिनिटं आधी पोचा. स्वतःची एचडीएमआय केबल आणि जुन्या प्रोजेक्टरसाठी व्हीजीए कन्व्हर्टर सोबत ठेवा. पडद्यावर काही दिसलं नाही तर विंडोज आणि पी ही बटणं एकत्र दाबून ‘डुप्लिकेट’ निवडा. व्हॉट्सॲप बंद करा, नाहीतर दुसऱ्या गिऱ्हाइकाचा भाव पडद्यावर झळकेल. पॉवरपॉइंटमध्ये बी दाबलं की पडदा काळा होतो आणि लक्ष तुमच्याकडे येतं. कुणी मागचं विचारलं तर स्लाइडचा क्रमांक टाइप करून एंटर दाबा, थेट तिथे जाता येतं.

नमुन्याचा पार्ट सुरुवातीलाच हातात देऊ नका. लोक तो उलटापालटा करत बसतात आणि तुमचे आकडे ऐकू जात नाहीत. क्वालिटीची स्लाइड संपली की द्या.

प्रश्न आला की आधी पूर्ण ऐका. उत्तर माहीत नसेल तर अंदाजे आकडा ठोकू नका; ‘उद्या दुपारपर्यंत कळवतो’ म्हणा आणि त्यांच्यासमोरच लिहून घ्या. त्याच संध्याकाळी ड्रॉइंग क्रमांक, दर आणि ट्रायलची तारीख एवढंच लिहिलेला ईमेल पाठवा.