गोंधळ्याच्या घरातून कलेत उतरताना

परभणीकडं संबळ घेऊन बसलो की कुणीतरी विचारतंच, "आबाचं पोरगं का?" हो म्हटलं की पुढचं ठरलेलं, "मंग आबासारखं होऊ द्या!" आमचे आबा नावाजलेले गोंधळी, आकाशवाणीवर गायलेले. तुमच्याही घरात असं मोठं नाव असेल आणि त्याच वाटेनं जायचं असेल, तर थोडं सांगतो.

नावावर पहिली सुपारी, म्हणजे कार्यक्रमाचं बोलावणं, मिळते. यजमानाच्या बापानं आबांचा गोंधळ बघितलेला असतो, तेवढं पुरतं. पुढच्या लग्नसराईत फोन येतो का, हे मात्र देवीचा चौक मांडून, देवांचं आवाहन संपवून आख्यानाला, म्हणजे गाऊन सांगायच्या कथेला लागल्यावर माणसं बसून राहिली की चपला शोधायला लागली, यावर ठरतं.

खरी अडचण वेगळीच आहे. नावाजलेल्याच्या पोराला कुणी चूक दाखवत नाही. "रक्तातच हाय त्याच्या" म्हटलं की विषय संपला. संबळाची वाकड्या टोकाची काठी माझ्या हातून मनगटाऐवजी खांद्यातून पडायची. घरी, पाहुण्यांत, साथीदारांत कुणी बोललं नाही. बोलले ते तबल्याचे गुरुजी. त्यांच्याकडं मी आबांचं नाव न सांगता गेलो होतो. त्यांनी आधी हाताने टाळी धरून तालाच्या मात्रा मोजायला लावल्या. आबांना हे रुचलं नाही. त्यांनी आयुष्यात मात्रा मोजल्या नव्हत्या, आणि त्यांना कधी गरजही पडली नाही. मला पडली. म्हणून सांगतो, आई-बापाशिवाय एक गुरू कराच, आणि शक्यतो तुमचं घर न ओळखणारा.

मोठ्या बापाचं वाद्य घेतलं की पोरगं झाकोळतं, असं लोक म्हणतात. उलट उदाहरणही आपल्याकडंच आहे. आपेगावचे पखवाजवादक शंकरबापू आपेगावकर यांना 1986 साली पद्मश्री मिळाली आणि त्यांचे चिरंजीव उद्धवबापूही पखवाजातच नावाला आले. वाद्य तेच ठेवलं म्हणजे माणूस झाकोळतोच, असं काही नाही.

पैशाचं बोलू. मागून सूर धरणारे झीलकरी आणि तुणतुणेवाले आबांच्या पिढीचे. ज्यांना काका म्हणायचं त्यांच्याशी बिदागीचा हिशोब कसा करायचा, या संकोचात पोरं अडकतात. सुपारी घेतानाच कुणाला किती ते बोलून घ्या, गाडीभाडं वेगळं धरा. काकांनाही तेच बरं वाटतं.

शिष्यवृत्त्या आहेत, पण खेड्यात पत्ताच लागत नाही. केंद्र सरकारच्या सीसीआरटीची (सांस्कृतिक स्रोत आणि प्रशिक्षण केंद्राची) 10 ते 14 वयाच्या मुलांसाठी एक योजना आहे आणि तिच्यात परंपरागत कलावंत घराण्यांतल्या मुलांसाठी राखीव जागा असतात. 18 ते 25 वयोगटाला सांस्कृतिक मंत्रालयाची दोन वर्षांची वेगळी शिष्यवृत्ती आहे. जाहिरात आली की नियम नीट वाचा. गुरूकडं शिकल्याचा दाखला ऐनवेळी मिळत नाही, तो आधीच घेऊन ठेवा.

आणि घरातल्या जाणत्या माणसाचं सगळं रेकॉर्ड करायला लागा. द्रौपदीच्या कथेचं जांभूळ आख्यान आबा दरवेळी थोडं वेगळं लावतात, म्हणून एकदा करून भागत नाही. कार्यक्रमात करू नका, संबळाखाली शब्द दबतात. दुपारी घरी, नुसत्या तुणतुण्यावर गाऊन घ्या आणि फाइलला गावाचं नाव, तारीख तिथंच टाका.