एअर-कुशन बार्ज ओढताना या चुका टाळा

हवेच्या गादीवर उचललेला बार्ज (सपाट तळाची मालवाहू नौका) सपाटीवर सहज सरकतो आणि तिथेच हिशेब चुकतो. गादी घर्षण घालवते, वजन नाही. उदाहरणादाखल 20 × 20 मीटर गादीचा, मालासकट 200 टनांचा बार्ज घेऊ. गादीतला दाब साधारण 5 किलोपास्कल.

सपाटीवरची ओढ धरून यंत्र निवडणं. 1:20 चढावर (20 मीटरांत 1 मीटर) नुसत्या चढासाठीच 10 टन ओढ लागते. स्कर्ट, म्हणजे गादीची हवा अडवणारी कडेची लवचीक झालर, घासतो ते वेगळं. ही ओढ हवेतल्या पंख्यांनी काढायची तर साडेतीन मीटर व्यासाचे चार पंखे लावूनही सैद्धांतिक किमान शक्ती 3,200 किलोवॅटच्या आसपास जाते. विंच, म्हणजे ड्रमवर दोर गुंडाळून ओढणारं यंत्र, तेच काम सेकंदाला अर्धा मीटर वेगाने सुमारे 50 किलोवॅटमध्ये करतो, वर वाया जाणारी थोडी शक्ती धरा. 1975 मध्ये अलास्कात पाइपलाइनच्या कामासाठी युकॉन नदीवर असे बार्ज आणले, तेही केबल आणि विंचनेच ओढले जात. ठरलेल्या वाटेवर, कमी वेगात, जड मालासाठी आम्ही विंचच सुचवू.

मात्र विंचवर लिहिलेली क्षमता ड्रमवरच्या पहिल्या थराची असते. दोर गुंडाळत जाईल तशी ओढ घटते. म्हणजे बार्ज काठाचा चढ चढू लागतो, नेमकी तेव्हा ती सर्वांत कमी! क्षमता शेवटच्या थरावर तपासा. कमी पडली तर स्नॅच ब्लॉक (बाजूने उघडणारी कप्पी) लावून दोर दुहेरी करा. वेग निम्मा होईल, चालेल.

मागचा दोर न बांधणं. ही सर्वांत धोक्याची चूक. सेकंदाला 2 मीटर वेगातला हा बार्ज 10 मीटरांत थांबवायला 4 टन बल लागतं, आणि पुढचा दोर ढकलू शकत नाही. 1:50 आडव्या उतारावरही तो 4 टनांनी बाजूला घसरतो. मागे आणि उताराच्या वरच्या बाजूला रोखदोर हवेतच. गादी एकदम सोडून बार्ज थांबवू नका, स्कर्ट फाटतो.

चिखलात डोझर जुंपणं. बार्जचा दाब 5 किलोपास्कल, साध्या डोझरचा 50च्या पुढे. बार्ज तरून जातो, डोझर रुततो. डोझर पक्क्या जमिनीवर उभा करून त्याच्या विंचने ओढा.

नाक खाली जाऊन पुढचा स्कर्ट आत दुमडत असेल तर आधी दोराची कडी पाहा. डेकवर उंच असेल तर खाली, हलच्या (बार्जच्या सांगाड्याच्या) तळाजवळ घ्या, दोन पायांचा ब्रायडल (दोन कड्यांना बांधून पुढे एकत्र येणारा दोर) लावा आणि माल थोडा मागे सरकवा. नुसता ब्लोअरचा (गादीत हवा भरणाऱ्या पंख्याचा) वेग वाढवून हे सुटत नाही.

उथळ पाण्यात टग (ओढणारी बोट) जोर लावूनही वेग वाढत नसेल तर खोली मोजा. एक मीटर पाण्यात लाट ताशी 11 किलोमीटरने धावते. त्या वेगाजवळ बार्ज स्वतःच्याच लाटेवर चढू पाहतो आणि रोध झपाट्याने वाढतो. वेग ताशी 5 किलोमीटरवर आणा.