नगरसेवकपदासाठी उभं राहताय? या चुका टाळा

महापालिकेच्या निवडणुकीआधी दोन-तीन महिने कुणीतरी कार्यकर्ता माझ्याकडे येतोच. दहा-पंधरा वर्षं वस्तीत राबलेला असतो. रेशनकार्डं, ड्रेनेज, रात्री-अपरात्री पोलीस ठाण्यात धावणं, सगळं केलेलं. म्हणतो, "काका, लोक म्हणतायत उभा राहा." मी विचारतो, "प्रभागाची मतदारयादी आणलीस का?" बहुतेकांनी ती उघडूनही पाहिलेली नसते.

मोर्चात आला तो आपला मतदार, असं धरून चालणं ही सगळ्यात महाग चूक. 2017 ला आमच्या भागातल्या एका ताईंचं बूथचं काम माझ्याकडे होतं. पाण्यासाठी त्यांनी काढलेल्या मोर्चात तीनशेवर बायका होत्या. आम्ही त्या सगळ्या धरल्या, वर घरटी तीन मतं मोजली. अर्ज भरून झाला आणि स्लिपा लिहायला यादी घेऊन बसलो, तेव्हा दिसलं की नाल्यापलीकडच्या दोन गल्ल्या शेजारच्या प्रभागात गेल्यात. उरलेल्यांत कितीजणींचं नाव अजून गावाकडेच. तीनशेतल्या एकशे बारा सापडल्या. ताई काही बोलल्या नाहीत. कोऱ्या स्लिपांचे गठ्ठे करून त्यांना रबर लावत बसल्या.

महापालिकेसाठी वेगळी मतदारयादी तयार होत नाही, हे नव्या उमेदवाराला कुणी सांगत नाही. ठरलेल्या तारखेची विधानसभेचीच यादी प्रभागांत फोडतात. 15 जानेवारी 2026 ला 29 महापालिकांचं मतदान झालं, त्याला 1 जुलै 2025 ची यादी होती. प्रारूप यादीवर हरकत घेऊन चुकीच्या प्रभागात गेलेलं नाव परत आणता येतं. विधानसभेच्या यादीतच नसलेलं नाव मात्र तिथे घुसवता येत नाही. त्यासाठी मतदार नोंदणीचा सहा नंबरचा फॉर्म कित्येक महिने आधी भरलेला लागतो. म्हणून दोन महिने उरले असताना आलेल्याला मी या वेळी थांब म्हणतो. राग येतो त्यांना. येऊ दे.

माझी पद्धत जुनी आहे. दोनशे पानी वही, एका गल्लीला एक पान. घरागणिक नावं, यादीचा भाग क्रमांक, अनुक्रमांक, सगळं पेन्सिलीने, कारण भाडेकरू बदलतात. पोरं म्हणतात डेटा विकत मिळतो. मिळतो, पण कुठल्या घरच्या आजीला बूथवर रिक्षाने न्यावं लागेल, ते दारात उभं राहिल्याशिवाय कळत नाही. शिवाय यादी पाहायला म्हणून गेलात की लोक घरात बसवून बोलतात.

दुसरी चूक मतदानाच्या दिवशी उघडी पडते. मुंबई सोडली तर प्रभाग बहुसदस्यीय आहेत, म्हणजे एका प्रभागातून एकाहून जास्त नगरसेवक निवडायचे. चार जागांच्या प्रभागात मतदाराने अ, ब, क, ड अशी चार मतं द्यायची असतात, आणि चारही झाल्यावरच मशीनचा आवाज येतो. अपक्षाची पोरं घरोघर फक्त "आपलं बटण" शिकवतात. मग बाई एक बटण दाबून निघते, अधिकारी तिला परत बोलावतात, ती गोंधळते आणि रांगेतल्या चौघी धास्तावतात. मी प्रत्येक बैठकीत पुठ्ठ्यावर चार कागद चिकटवून नेतो आणि एकेकीला चार वेळा बोट ठेवायला लावतो. बाकी तीन ठिकाणी कुणीच पसंत नसेल तर नोटा आहे, तेही सांगतो. आणि "बाकी तीन मतं कुणाला द्यायची?" हा प्रश्न दारोदार येणारच. चारही जागांवर मिळून लढणाऱ्या पॅनलवाल्यांकडे त्याचं उत्तर तयार असतं, तुमच्याकडेही हवं. वर्ष हाताशी असेल तर चार वस्त्यांतले चार जण एकत्र उभे राहा, असंच मी सांगेन.

उमेदवारी अर्जासोबतच्या शपथपत्रातला एकही रकाना कोरा सोडू नका, काही नसेल तर "निरंक" लिहा. सूचक, म्हणजे अर्जावर तुमचं नाव सुचवणारा, त्याच प्रभागाचा मतदार आहे ना, हे यादीत बोट ठेवून बघा. राखीव जागेवर लढायचं मनात असेल तर जात पडताळणीचे कागद आरक्षणाच्या सोडतीची वाट न बघता काढा. 12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरं मूल झालं असेल तर उमेदवारी नाही. यात पळवाट शोधणाऱ्यांशी मी बोलत नाही.

चिन्हाच्या भरवशावरही राहू नका. 2026 ला चिन्हवाटप 3 जानेवारीला झालं आणि मतदान 15 ला. एवढ्या दिवसांत चिन्ह पोचवता येतं, माणूस पोचवता येत नाही. तो आधीच पोचलेला लागतो.

निकालानंतर खर्चाचा हिशोब 30 दिवसांत द्यायचा असतो, पडलेल्या उमेदवारानेही. पडल्यावर लोक फोन बंद करून बसतात, आणि हिशोब न दिल्याने निवडणूक लढवायला अपात्र ठरू शकतात. ताई पडल्या होत्या. त्यांचा हिशोब आम्ही विसाव्या दिवशी दिला आणि त्याच आठवड्यात सहा नंबरचे फॉर्म घेऊन नाल्याअलीकडच्या गल्ल्यांत गेलो.