हेल्पलाइनवर येणारे अश्लील फोन : स्वयंसेविकांनी आणि संस्थांनी या चुका टाळाव्यात

हेल्पलाइनवर बसणाऱ्या स्वयंसेविकेला असा फोन कधी ना कधी येतोच. पलीकडचा माणूस सुरुवातीला नीट बोलतो, घरात फार एकटे वाटते असे सांगतो, आणि चार-पाच वाक्यांतच संभाषण त्याच्या एकटेपणावरून तिच्या आवाजावर आणि तिथून तिच्या कपड्यांवर घसरते. अशा वेळी होणाऱ्या चुका बहुतांशी तिच्या नसतात; प्रशिक्षण देताना आणि नियम ठरवताना संस्थेने केलेल्या असतात.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे ‘आपण होऊन फोन कधीही ठेवायचा नाही’ असे सरसकट शिकवणे. जीव द्यायच्या विचारात असलेल्या माणसासाठी हा नियम योग्यच आहे, परंतु त्याला अपवाद कोणता हे स्पष्ट शब्दांत सांगितले नाही, तर नवी स्वयंसेविका किळस दाबून ऐकत राहते आणि ऐकून घेणे हेच आपले काम, अशी स्वतःची समजूत घालते. लंडनमध्ये १९५३ साली चॅड व्हारा या धर्मगुरूंनी सुरू केलेल्या ‘समॅरिटन्स’ या आत्महत्या रोखण्यासाठीच्या हेल्पलाइनने तर हे धोरण म्हणूनच स्वीकारले होते. लैंगिक सुखासाठी फोन करणाऱ्या पुरुषांना ‘ब्रेंडा’ला मागण्यास सांगितले जाई आणि ठरावीक स्वयंसेविका त्या नावाने हे फोन घेत, ही पद्धत १९५८ पासून १९८७ पर्यंत चालली. त्यामागे करुणा होती हे मान्य केले, तरी त्या करुणेची किंमत बायकांनी मोजावी असे ठरवणे चूकच होते, असे माझे मत आहे.

याच्या अगदी उलट चूकही तितकीच घातक आहे. एकदा असा अनुभव आला की लैंगिक विषय निघताच फोन ठेवला जातो, आणि मग नात्यातल्या माणसाने केलेल्या अत्याचाराविषयी पहिल्यांदाच बोलू पाहणारी मुलगी, स्वप्नदोषाच्या धास्तीने झोप उडालेला कॉलेजकुमार किंवा समलिंगी आकर्षणाविषयी घरात चकार शब्द काढू न शकणारा गृहस्थ, हे सगळे त्या फटक्यात सापडतात. त्यांच्यापैकी कित्येकांकडे गावठी शब्दांखेरीज दुसरे शब्दच नसतात. म्हणून पारख शब्दांवरून करू नये; बोलणे कोणाभोवती फिरते आहे ते पाहावे. ‘याचा त्रास तुम्हाला केव्हापासून होतो आहे?’ असा साधा प्रश्न विचारावा. खरोखर अडचणीत असलेला माणूस अडखळत का होईना, पण स्वतःविषयी उत्तर देतो. दुसरा माणूस प्रश्न टाळतो आणि ‘तुमचं लग्न झालंय का?’, ‘आत्ता खोलीत एकट्याच आहात का?’, ‘तोच शब्द पुन्हा एकदा बोला ना’ अशा वळणावर येतो. एका प्रश्नावरून निर्णय घेऊ नये, पण दुसऱ्यांदा तसेच घडले तर शंका धरून बसण्याचेही कारण नाही.

फोन ठेवतानाही चुका होतात. रागावणे, लाज काढणे, ‘पोलिसांत देईन’ म्हणून ओरडणे, यांतून त्याला हवी असलेली प्रतिक्रियाच मिळते आणि संभाषण लांबते. संस्थेने एकच वाक्य ठरवून द्यावे, उदाहरणार्थ ‘ही सेवा अशा बोलण्यासाठी नाही, मी फोन ठेवत आहे’, आणि त्यानंतर उत्तराची वाट न पाहता फोन ठेवावा. ‘ठेवलात तर जीव देईन’ अशी धमकी आली, तर मात्र प्रकरण नाजूक होते. आत्महत्येचे बोलणे कधीही थाप समजू नये. ‘त्याबद्दल बोलायला मी तयार आहे, बाकी कशाबद्दल नाही’ असे सांगून पुढे ऐकावे, तो पुन्हा अश्लीलतेवर आला तर समन्वयकाला फोनवर घ्यावे, आणि हा भार एकटीने पेलू नये.

खरे नाव सांगू नये. घरून काम करणाऱ्यांना संस्थेने त्यांचा मोबाइल नंबर पलीकडे दिसू नये अशी सोय केल्याशिवाय पाळी लावू नये.

नोंद न ठेवणे ही फार सर्रास होणारी चूक आहे. कारण दिले जाते गोपनीयतेचे. वास्तविक गोपनीयता मदत मागणाऱ्यासाठी असते, आणि तिची मर्यादा संस्थेने लेखी धोरणात आधीच नमूद करायला हवी. तारीख, वेळ, नंबर आणि बोलण्याची धाटणी एवढे लिहिले, तरी तोच माणूस सोमवारी एकीला आणि गुरुवारी दुसरीला गाठतो आहे हे लक्षात येते, आणि तक्रार करायची झाल्यास हातात काही असते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ७९ नुसार स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान करण्याच्या हेतूने बोललेल्या शब्दांसाठी तीन वर्षांपर्यंत साधी कैद आणि दंड अशी तरतूद आहे. शिवाय कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा कर्मचाऱ्याच्या व्याख्येत विनामोबदला, स्वेच्छेने काम करणाऱ्या व्यक्तीलाही धरतो, आणि त्याचे कलम १९ कामानिमित्त संपर्कात येणाऱ्या बाहेरच्या व्यक्तींपासूनही सुरक्षित वातावरण देण्याची जबाबदारी संस्थेवर टाकते. ‘त्या काही पगारी नाहीत’ ही सबब त्यामुळे चालत नाही.

शेवटची चूक फोन संपल्यानंतरची. ‘मनावर घेऊ नकोस, सवय होईल’ असे म्हणून लगेच पुढचा फोन जोडला जातो, आणि त्या पुढच्या माणसाला तुटक, संशयी आवाज ऐकायला मिळतो. काही वेळ तिला फोनपासून मोकळे ठेवावे, घडलेले सहकारिणीला सांगू द्यावे, आणि फोन ठेवल्याबद्दल तिच्याकडे खुलासा मागू नये. जिथे रात्रपाळीला एकच स्वयंसेविका असते, तिथे समन्वयकाने त्या वेळी स्वतःचा फोन उचलणे हे समन्वयकाच्या मर्जीवर न सोडता कामाच्या अटींमध्येच लिहावे.