जुनी सायकल ओळखावी कशी आणि तिचे सुटे भाग मिळवावेत कसे

वर्षानुवर्षे माळ्यावर पडून असलेली काळी सायकल पुन्हा रस्त्यावर आणताना बहुतेक जण पुढच्या नळीवरचा बिल्ला पाहतात आणि त्या नावाचे सुटे भाग शोधू लागतात. हा मार्ग फसवा आहे. बिल्ल्यावर ‘रॅले’ असले म्हणून सायकल इंग्लंडमधील नॉटिंगहॅमचीच असते असे नाही, कारण स्वातंत्र्यानंतर आसनसोलच्या सेन-रॅले कारखान्यातही त्याच नावाच्या सायकली तयार होत असत. हर्क्युलिस, फिलिप्स आणि पुढे बीएसए या सायकली मद्रासजवळ अंबत्तूरला टीआय सायकल्सच्या कारखान्यात बनू लागल्या. त्यातच इतक्या वर्षांत चाके, पेडल, कधी कधी तर संपूर्ण चिमटा (पुढचे चाक धरणारा दुफाटा भाग) बदललेला असतो. म्हणून नाव हा केवळ सुगावा मानावा आणि निर्णय मापांवर व आट्यांवर सोपवावा.

पहिली पायरी : काहीही खोलण्याआधी

सायकल आहे त्या स्थितीत दोन्ही बाजूंनी, वरून आणि खालून छायाचित्रे काढावीत. रॉड ब्रेकच्या (केबलऐवजी सळयांनी ओढल्या जाणाऱ्या ब्रेकच्या) सळया कोणत्या क्रमाने बसल्या आहेत, हे नंतर आठवत नाही. त्यानंतर केरोसीनमध्ये भिजवलेल्या कापडाने केवळ चिकट मळ काढावा. पॉलिश पेपर अजिबात लावू नये, कारण काळ्या रंगाखालील सोनेरी रेषा आणि पुसट अक्षरे हाच ओळखीचा पुरावा असतो. सायकलीवर नगरपालिकेचा कराचा बिल्ला शिल्लक असेल, तर त्यावर गाव आणि वर्ष सापडण्याची शक्यता असते. सायकल कारखान्यातून कधी निघाली हे त्यावरून ठरत नसले, तरी त्या वर्षी ती रस्त्यावर होती एवढे निश्चित होते.

दुसरी पायरी : खुणा वाचणे

पेडलजवळची मोठी दातेरी चकती सर्वाधिक बोलकी असते. चकतीत कोरलेला बगळा असल्यास ती रॅलेची, अक्षरांनीच नक्षी साधली असल्यास बीएसएची आणि हाताचा पंजा असल्यास रज-व्हिटवर्थची समजावी. प्रत्येक बाजूला एकाऐवजी दोन बारीक नळ्या असलेला चिमटा दिसला, तर तो हंबरचा असण्याची दाट शक्यता असते. मात्र रॅलेने हंबरचा सायकल व्यवसाय १९३२ मध्ये, रज १९४३ मध्ये आणि बीएसएचा सायकल व्यवसाय १९५७ मध्ये आपल्याकडे घेतला; त्यामुळे नंतरच्या काळातील या वेगवेगळ्या नावांच्या सायकलींत आतले भाग पुष्कळदा रॅलेचेच सापडतात. मूळ मुलामा पिवळसर छटेचा निकेल असेल आणि निळसर चमकणारा क्रोम नसेल, तर सायकल १९३० च्या आसपासची किंवा त्याआधीची असू शकते.

मागच्या चाकात स्टर्मी-आर्चर या कंपनीचा तीन गिअरचा हब (चाकाचा मधला तुंबा) असेल, तर काम बरेच सोपे होते. १९३६ पासून बनलेल्या ‘एडब्ल्यू’ या हबच्या कवचावर वर्ष, आणि पुढच्या काळात महिनाही, ठोकलेला असतो. ५४ आणि ३ असे आकडे दिसले, तर तो मार्च १९५४ चा हब आहे. हे वर्ष हबचे आहे, सायकलीचे नव्हे, हे ध्यानात ठेवून फ्रेमचा क्रमांकही टिपून घ्यावा. तो बहुधा सीटखालच्या जोडावर किंवा पेडलच्या आसाच्या कवचाखाली असतो. रंगाच्या थरांखाली तो बुजलेला असल्यास पातळ कागद ठेवून वर पेन्सिल घासल्यास अंक उमटतात.

तिसरी पायरी : आटे मोजणे

खरी फसगत इथेच होते. इंग्लंडमधील सर्वसाधारण मापानुसार पेडलच्या आसाच्या कपांना (छर्रे ज्यांत फिरतात त्या, फ्रेममध्ये आवळलेल्या वाट्यांना) एका इंचात २४ आटे असतात, पण नॉटिंगहॅमला रॅलेने स्वतःचे २६ आट्यांचे माप वापरले आणि चिमट्याच्या वरच्या नळीलाही तेच ठेवले. दोन्ही कपांचा व्यास इतका जवळचा आहे की बाजारातला नवा कप एक-दोन फेरे सहज आत जातो, मग अडकतो, आणि तेथे पान्याचा जोर लावला की फ्रेमचे आटे कायमचे खराब होतात. आटे मोजण्याची पट्टी हाताशी नसेल, तर जुना आणि नवा कप शेजारी धरून त्यांचे आटे एकमेकांत बसवून उजेडाकडे पाहावे. मापे वेगळी असतील, तर मधून प्रकाश दिसतो.

माप २६ चे निघाल्यास जुने कप फेकू नयेत. छर्रे फिरण्याच्या जागी खड्डे पडलेले नसतील, तर दर बाजूला १/४ इंचाचे ११ नवे छर्रे आणि ताजे ग्रीस एवढ्यावर काम भागते. उजव्या बाजूच्या कपाचे आटे उलटे असतात. तो शाबूत असल्यास जागेवरच स्वच्छ करावा. कॉटर (क्रँक, म्हणजे पेडलचा दांडा, आसावर पक्का धरणारी पाचर) काढताना क्रँकखाली लोखंडी नळीचा आधार द्यावा, अन्यथा हातोड्याचा सगळा मार छर्ऱ्यांवर बसतो. कॉटरही ९ आणि ९.५ मिलिमीटर अशा दोन जाडीत मिळत असल्यामुळे जुना नग सोबत नेल्याशिवाय नवा घेऊ नये.

चौथी पायरी : चाके

टायरवर लिहिलेल्या इंचांपेक्षा रिमचे मिलिमीटरमधील माप महत्त्वाचे असते. रॉड ब्रेकच्या मोठ्या सायकलीचे २८ × १ १/२ हे माप ६३५ मिलिमीटरचे, तर केबल ब्रेकच्या हलक्या सायकलीचे २६ × १ ३/८ हे माप ५९० मिलिमीटरचे असते. आजच्या जुन्या धाटणीच्या माउंटन बाइकलाही २६ इंचीच म्हणतात, पण तिचे रिम ५५९ मिलिमीटरचे असते आणि तिचा टायर या चाकावर मुळीच बसत नाही. इंग्रजी पद्धतीत पुढे ३२ आणि मागे ४० आरे असतात. आपल्याकडे दूधवाल्यांची काळी सायकल अजून बनत असल्यामुळे २८ इंची चाकाचे रिम, टायर, आरे आणि ब्रेकचे गुटके सहज मिळतात. या बाबतीत येथील हौशी माणूस इंग्लंडमधल्यापेक्षा सुखी आहे. ४० भोकांचे २६ इंची रिम मात्र चिकाटीनेच शोधावे लागते.

पाचवी पायरी : शोध

यादी करताना साधे भाग आणि दुर्मीळ भाग वेगळे करावेत. १/२ × १/८ इंचाची साखळी, छर्रे, पेडल आणि टायर तालुक्याच्या दुकानातूनच घ्यावेत. त्यांच्यासाठी ‘अस्सल जुने’ म्हणून चढा भाव देण्यात अर्थ नाही. दुर्मीळ भागांसाठी पूर्वी भाड्याने सायकली देणाऱ्या दुकानांचे माळे, पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार आणि मुंबईचा चोर बाजार येथे मोडकी सायकल सबंध विकत घेणे बहुधा किफायतशीर ठरते. ‘एडब्ल्यू’ हबची आतली रचना दीर्घकाळ जवळपास तशीच राहिल्यामुळे एका निकामी हबमधून दुसरा उभा करता येतो. फक्त आसाची लांबी ५ ३/४ इंच आहे की ६ १/४ इंच, हे पाहून त्याला जुळणारी इंडिकेटर साखळी (आसातून बाहेर येणारी, गिअर बदलणारी बारीक साखळी) घ्यावी. डायनामो असलेला जुना पुढचा हब मिळाला, तर तो चालतो की नाही हे पाहण्याच्या उत्साहात चुंबक तारेच्या वेटोळ्यापासून अलग करू नये, कारण तसे केल्यास चुंबकाची शक्ती बरीच कमी होते. परदेशातून भाग मागवायचा असल्यास विक्रेत्याकडून मोजपट्टीशेजारी ठेवलेल्या भागाचे छायाचित्र आणि आट्यांचे माप आधी मागवावे, आणि टपाल व सीमाशुल्क धरून होणारा खर्च सौदा पक्का करण्यापूर्वीच काढावा.