बोडीचा सांडवा मोकळा करा, मासोळीचं मग पाहू

राजे हो, मृग लागला, पाऊस अजून नीट बसला नाही, तेवढ्यात एक काम करून घ्या. बोडीच्या, म्हणजे आपल्या लहान तळ्याच्या, पाळीवर जा आणि सांडव्यात, जास्तीचं पाणी बाहेर जायच्या वाटेत, काय काय भरून आहे ते बघा. मी गेल्या आठवड्यात उमरेड, भिवापूर, कुहीकडच्या सात-आठ बोड्या फिरून आलो, त्यातल्या पाच ठिकाणी सांडव्याला जाळी ठोकलेली, अन दोघांनी तर सिमेंटच्या रिकाम्या बोऱ्यांत माती भरून वरून रचून ठेवलीय, का तर पाणी दोन फूट जास्त थांबते. मासोळी वाहून जाऊ नये एवढंच डोक्यात.

माझ्या धुऱ्याला, म्हणजे वावराच्या बांधाला, लागून एक बोडी होती. होती म्हणतो, कारण आता तिथं नालाच आहे. त्या भाऊनं सांडव्याला हिरवी शेडनेट लावली होती, मच्छरदाणीसारखी बारीक. रात्री पाऊस आला, वरच्या वावरातून पऱ्हाट्या, सोयाबीनचं कुटार, पळसाची पानं, मल्चिंगचे तुकडे, सगळं येऊन त्या जाळीला चिकटलं. सकाळी मी त्या जाळीला हात लावून पाहिला, गोधडीसारखी जाड झाली होती, एक थेंब पलीकडे जात नव्हता. मग पाणी गेलं कुठून, तर पाळीवर जिथं बैलगाडीची चाकोरी पडून माथा दबला होता तिथून. मातीच्या पाळीवरून एकदा पाणी सांडलं की ते बाहेरच्या उतारावरची माती खालून कापत कापत मागं येते, मग अर्ध्या-एक तासाचा खेळ. खालचं दोन एकर सोयाबीन मुरमाखाली गेलं आणि गावातली पोरं नाल्यात हातानं कटला धरून राहिली होती. म्हणजे ज्या मासोळीसाठी जाळी लावली ती पण गेलीच.

हिशेब करून पाहा. एका एकरावर 100 मिलिमीटर पडला तर 4 लाख लिटर पाणी. बोडीवर 25 एकरांचं पाणी उतरत असेल आणि त्यातलं अर्धंच वाहून आलं तरी 50 लाख लिटर. हे चार तासांत आलं तर सेकंदाला साडेतीनशे लिटर, आणि ही सरासरी झाली, मधल्या जोराच्या सरीत त्याहून कितीतरी जास्त. दहा फूट रुंद मोकळ्या सांडव्यातून एवढं पाणी अर्धा-पाऊण फुटाच्या धारेनं निघून जाते. जाळीतून नाही जात. आणि असा पाऊस कुठं पडते म्हणू नका, 2023 च्या 23 सप्टेंबरला रात्रीतून नागपुरात चार तासांत शंभरच्या वर पडला, अंबाझरी तलाव वरून वाहिला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी घुसलं. महिना लक्षात घ्या, सप्टेंबर. तेव्हा तळी आधीच भरलेली असतात, पाऊस संपला म्हणून आपण पाळीवर जाणं सोडलेलं असते.

मग मासोळी कशी थांबवायची? माझं असं आहे, मासोळीचं बीज जूनमध्ये सोडूच नका. पहिले दोन-तीन पूर निघून जाऊ द्या, जुलैच्या शेवटी नाहीतर ऑगस्टमध्ये चार इंची बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) टाका. अडवायचंच असेल तर सांडव्याच्या तोंडावर नाही, पाच-सहा फूट आत पाण्यात, अर्धगोल, बांबूच्या कमच्या बोटभर फटी ठेवून उभ्या करा. गोल मोठा असला की पाण्याचा जोर कमी पडते, कचरा दाबून बसत नाही. आणि बांधा सुतळीनं, तारेनं नाही. हे कोणत्या पुस्तकात नाही, पण लोंढा जास्त आला तर सुतळी तुटून कमच्या आडव्या झाल्या पाहिजे.

बाकी कामं:
- पाळीचा दबलेला माथा भरा, सांडव्याच्या तळापासून दीड-दोन फूट उंच, माती ओलसर करून थर-थरानं धुमसा
- उन्हाळ्यात काळ्या मातीला पडलेल्या भेगा बुजवा
- पाळीवर हरळी राहू द्या, बाभळीची, सुबाभळीची रोपं हातानं उपटा
- चुना हेक्टरी 200 ते 250 किलो
- शेण हेक्टरी 2 टन, बीज सोडायच्या 10-15 दिवस आधी
- मरळ (बीज खाणारी मासोळी) असेल तर ती मारायला मोहाची पेंड, एक हेक्टर मीटरभर खोल पाण्याला 2500 किलो, बीज तीन आठवड्यांनंतरच (सांडवा वाहत असताना टाकू नका, खालच्याची मासोळी माराल)
- बोटुकली हेक्टरी 5000, कटला 40 टक्के, रोहू 30, मृगळ 30
- बीजाची पिशवी 15-20 मिनिटं पाण्यावर तरंगू द्या

मोठं झाड पाळीवर असेल तर आता पावसाच्या तोंडावर मुळासकट काढू नका, खड्डा भरून बसायला वेळ नाही. हिवाळ्यात पाहू.

पाळीच्या बाहेरून पाणी झिरपत असेल तर आधी ओंजळीत घेऊन पाहा. नितळ असेल तर रोज नजर ठेवा. गढूळ असेल तर आतून माती वाहून राहिली, तिथं बाहेरून चिखल थापू नका, पाणी दुसरीकडून फोडते. आधी वाळू, मग बारीक गिट्टी, वर दगड, असा थर द्या आणि पाइप टाकून बोडीतलं पाणी उतरवा. रत्नागिरीतलं तिवरे धरण 2019 ला फुटलं तेव्हा मंत्र्यानं खेकड्यांवर खापर फोडलं, त्याची लय चेष्टा झाली, पण लहान पाळीला खेकडा आणि घूस खरंच भारी पडते, बिळं शोधा. रानडुकरं पण नागरमोथ्याच्या गाठीसाठी पाळ उकरतात.

दुकानदार यावेळी गळती बंद करायची पावडर आणि प्रोबायोटिकच्या बाटल्या घेऊन फिरून राहिले. मी स्वतः एक वर्ष पावडर टाकली, गळती तशीच. त्या पैशात जेसीबी दोन तास येते, सांडवा रुंद करून देते. करताना पक्क्या जमिनीत करा, भरावात नाही.

पाखरांसाठी एक कोपरा उथळ ठेवा, तिकडची पाणगवतं राहू द्या, टिबुकली तिथंच घरटं करते. खंड्या, पाणकावळा थोडी मासोळी खातील, खाऊ द्या, वरून नायलॉनची जाळी ताणू नका, पाखरं अडकून मरतात.

आणि कऱ्हांडल्याच्या अभयारण्याच्या बाजूला ज्यांची बोडी आहे त्यांनी हे सगळं दिवसा उरका. उन्हाळाभर वाघ त्याच पाण्यावर येत होता, रात्री बारा वाजता पावसात टॉर्च घेऊन जाळी सोडवायला कोण जाईल?